शामलाचं आखात

आमच्या माधवगंजातल्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर दोनच दारं आहेत, एक आमचं आणि समोरचं शामलाचं. मधल्या चार पावलांच्या जागेत दोन तुळशी. तिची माझ्या तुळशीपेक्षा जोमदार आहे, हे मी मोकळ्या मनानं कबूल करते. ती पाणी मोजून घालते, मी भक्तीनं घालते, म्हणजे जास्त घालते.

गेली कित्येक वर्षं संध्याकाळी दिवा लावून झाला की मी वहीत चार ओळी लिहिते. तिथी, नैवेद्य काय केला, कोण आलं, कोण गेलं. शामलाबद्दल मुद्दाम काही लिहावं असं कधी मनात नव्हतं. पण जुन्या वह्या चाळल्या तेव्हा दिसलं की जवळजवळ प्रत्येक पानावर ती आहे. ‘शामला आली. आज तिकडे पाणी वाढलंय.’ ‘शामला आली. एक नवीन खाडी सापडली म्हणते.’ परक्यानं वाचलं तर त्याला वाटेल ही बाई कुठल्या बंदरावर राहते की काय. ग्वाल्हेरला कसलं आलंय बंदर! इथून समुद्र गाठायचा तर एक रात्र आगगाडीत काढून वर अर्धा दिवस बसावं लागतं.

तर आधी ती कोण, ते सांगते.

शामलाचे वडील लक्ष्मीकांतराव जमिनीच्या नकाशांच्या दफ्तरात ट्रेसर होते. शेतांच्या हद्दी पातळ कागदावर शाईनं उतरवायच्या, हे त्यांचं जन्मभराचं काम. मुलगा पुष्कर डोक्यानं हुशार, त्याला इंजिनीअर केलं. मुलगी हातानं हुशार, तिला जेवणाच्या टेबलाशी शेजारी बसवून रेघ ओढायला शिकवलं. रेघ ओढताना श्वास धरायचा, रेघ संपली की सोडायचा. शामला अजून संगणकाचा माउस हातात घेतला की श्वास धरते. ऑफिसातली पोरं म्हणतात, “ताई, साँस तो ले लो!”

स्थळं आली, नाही असं नाही. एकदा तर इंदूरचे लोक सुपारी फोडायला यायचे ठरले होते. त्याच आठवड्यात आईला अर्धांगाचा झटका आला. मग अकरा वर्षं आई अंथरुणावर. सुपारीचे लोक अकरा वर्षं थांबत नाहीत. आई गेली, दीड वर्षानं वडील गेले, आणि शामला एका खुर्चीच्या घरात राहिली. एका खुर्चीचं म्हणते ते खरोखरचं. बाकीच्या खुर्च्या तिनं पुष्करकडे पुण्याला पाठवून दिल्या, “इथं कोण बसणार आहे, वहिनी?” म्हणून. पुष्करचा फोन रविवारी सकाळी येतो. दार उघडं असलं की मला ऐकू येतो: “हो. हो, जेवले. नाही, तितकी थंडी नाही. हो. बरं, ठेवते.”

इंदरगंजला एका चष्म्याच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर, तिचं ऑफिस आहे. वीस-बावीस संगणक. परदेशांचे आकाशातून काढलेले फोटो तिथं येतात आणि आपली मुलं त्यांवर ठिपका ठिपका जोडत रेघा ओढतात. कुणी रस्ते, कुणी शेतं. शामला लागली तेव्हा एक काम कुणालाच नको होतं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला कार्पेंटारिया नावाचं आखात आहे, त्याच्या दक्षिणेकडच्या काठाचं. नुसता चिखल, खाड्या आणि दलदल. दर तीन महिन्यांनी नवीन फोटो यायचे आणि सगळा काठ पुन्हा काढावा लागायचा. मुलं वैतागली होती. शामला म्हणाली, मला द्या.

तेव्हापासून नऊ वर्षं रोज संध्याकाळी ती पर्स घरात ठेवून, हातपाय धुऊन माझ्या स्वयंपाकघरात यायची. मी पोळ्या लाटायची, ती ओट्याला टेकून उभी राहायची आणि पार नऊ वाजेपर्यंत त्या आखाताच्या गोष्टी सांगायची. सुरुवातीला मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

“वहिनी, समुद्र म्हणजे तुम्हाला काय वाटतं?”

“अथांग. आणखी काय वाटायचं?”

“हा अथांग नाही. हा उथळ आहे.” तिनं माझी पिठाची परात विसळून समोर ओढली. “हा तांब्या म्हणजे आपला नेहमीचा समुद्र. ही परात म्हणजे माझं आखात. तीन बाजूंना जमीन, उत्तरेची बाजू तेवढी उघडी. आडवं अंतर धरा ग्वाल्हेर ते नागपूर, सरळ रेघेत. आणि खोली? खोलातल्या खोल जागी सत्तर-ऐंशी मीटर. आपला किल्ला उचलून तिथं ठेवला ना, तर वरचं मानमंदिर कोरडं राहील.”

बाहेरच्या खोलीतून आमचे हे ओरडले, “आणि खालचा गुजरी महाल?”

“तो बुडाला, दादा!”

मग तिनं परातीत बोटभर पाणी ओतलं आणि एक कड किंचित उचलली. पाणी हातभर सरकून माझ्या बाजूला आलं. “पावसाळ्यात वायव्येचा वारा सुटला की पाणी असं दक्षिणेच्या काठाला चढतं. वारा फिरला की मागं जातं. जमीन इतकी सपाट आहे वहिनी, की पाणी गुडघाभर वाढलं तर कोस-कोस आत शिरतं.”

“मग किनारा नेमका कुठं म्हणायचा?”

“तेच तर माझं काम.” आणि हसली. ती हसली की दात झाकायला हात नेते, तशी.

अशा किती गोष्टी. फार पूर्वी, पृथ्वीवर बर्फ जास्त होतं तेव्हा, तिथं समुद्रच नव्हता. मधोमध एक मोठं तळं होतं आणि माणसं पलीकडच्या मुलखात चालत जायची. मी म्हटलं, पुराणात असतं तसं. ती म्हणाली, तसंच, फक्त हे मोजलेलं आहे. आणि तिच्या काठावर कितीतरी ठिकाणी भरती दिवसातून एकदाच येते. मुंबईला दोनदा येते ना, मी विचारलं. “तिथं एकदाच. एकदा येऊन गेलं की दिवसभर कुणी नाही.” मला वाटतं मी तेव्हा तिच्या ताटलीत आणखी एक पोळी वाढली.

भाजीवाल्या रामदीनपर्यंत ही बातमी पोचली होती. कोथिंबीर निवडून देताना तो विचारायचा, “दीदी, आपके समुंदर में बारिश हुई?” शामला गंभीरपणे उत्तर द्यायची, “अभी नहीं भैया, नवंबर के बाद.”

आता त्या काठाच्या रंगाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं. ह्या फोटोंतले रंग आपल्या डोळ्यांचे नसतात. जिवंत झाड त्यांत लाल दिसतं, पाणी काळं, चिखल निळसर. आखाताच्या दक्षिणेला मैलोगणती खारफुटीचं जंगल आहे, खाऱ्या पाण्यात पाय बुडवून उभं असलेलं. त्यामुळे फोटोत आखाताला लाल काठ दिसायचा, इरकली लुगड्याला असतो तसा. कुठं चार बोटं रुंद, कुठं बोटभर. शामलाचं काम त्या लाल काठाच्या कडेनं रेघ ओढण्याचं. प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात तिच्या नावाची दोन अक्षरं असत. एकदा तिकडच्या लोकांनी लिहून पाठवलं की ह्या दोन अक्षरांची शीटं आम्ही पुन्हा तपासत नाही. हे तिनं मला चहा गाळता गाळता, भलतंच काही सांगत असताना सांगितलं. मी त्या दिवशी शिरा केला.

ऑफिसचे नियम दोन. फोटोत ढग आले आणि काठ दिसेना, तर मागच्या तिमाहीची रेघ तशीच ठेवायची आणि ‘ढग’ असा शेरा मारायचा. आणि ज्या शीटवर जंगल उरत नाही, ते शीट कामातून काढून टाकायचं.

२०१५ सालच्या मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला, म्हणजे डिसेंबरात, शामला आली ती ओट्याला टेकली नाही. मी साबुदाण्याची खिचडी परतत होते.

“वहिनी, सात शीटांवरचा लाल रंग गेला.”

“गेला म्हणजे?”

“राखेसारखा झालाय. रोपर नदीच्या मुखापासून पार मॅकआर्थरपर्यंत. झाडं आहेत, जागेवर उभी आहेत. पण लाल नाहीत.”

“फोटोच खराब असेल.”

“बाकीचं सगळं ठीक आहे हो त्यात.”

आता इथं माझी चूक सुरू होते, आणि ती लपवावी असं मला वाटत नाही. माझं माहेर शिवपुरीकडचं. तिथल्या रानात करधई नावाचं झाड आहे. उन्हाळ्यात ते असं वाळतं की नवख्या माणसाला वाटावं, सरपणच आहे उभं. काडी मोडली तर कट्‌कन मोडते. आणि पाऊस पडायच्याही आधी, नुसती हवा ओली झाली तरी चार दिवसांत सगळं रान हिरवंगार. लहानपणी आम्ही पैजा लावायचो, उद्या की परवा. ते माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मी खिचडी हलवत हलवत शामलाला म्हटलं, “अगं, वाळली नाहीत ती. पानगळ आहे. आमच्या करधईसारखी. पाऊस लागू दे, बघ कशी येतात.”

“पण नऊ वर्षांत कधी झडली नव्हती.”

“यंदा तिकडे पाऊस ओढला असेल. कमी पावसाच्या वर्षी आमची करधईसुद्धा दिवाळीतच झडून मोकळी होते.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिनंही शिवपुरीची रानं पाहिली होती. एकदा आम्ही सगळे मिळून सहलीला गेलो होतो. तिच्या चेहऱ्यावरून ताण उतरला ते मला स्पष्ट दिसलं, आणि मला वाटलं, बरं झालं बाई, एकादशीच्या दिवशी कुणाचं तरी मन शांत केलं.

दुसऱ्या दिवशी तिनं सातही शीटांवर जुनी रेघ तशीच ठेवली आणि ‘ढग’ असा शेरा मारला. ढग नव्हते. पण राखाडी काढलं असतं तर ‘जंगल नाही’ म्हणून ती शीटं गेली असती, आणि दोन महिन्यांनी झाडं पुन्हा लाल झाली असती तेव्हा शामलाच्या टेबलावर नसती. तिचा हिशोब असा होता. मला तो तेव्हा वावगा वाटला नाही.

होळीच्या आदल्या आठवड्यात मार्चचे फोटो आले. मी पुरणाची डाळ पाहत होते.

“आली का गं लाली?”

“नाही. पाऊसच नीट झाला नाही तिकडे.” आणि लगेच, “उशीर होतो कधीकधी, नाही?”

“होतो की.”

तिनं पुन्हा ‘ढग’ लिहिलं. ह्या वेळी मला ते जरा खटकलं. वहीत मी त्या दिवशी फक्त ‘शामला आली’ एवढंच लिहिलंय.

जूनचे फोटो आले तेव्हा ती आठ दिवस माझ्याकडे आलीच नाही. ऑफिसातून यायची, दार लागायचं. मी दोनदा वाटी झाकून नेऊन दिली, तिनं दारातूनच घेतली. जून म्हणजे तिकडचे कोरडे दिवस, आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. तशा स्वच्छ आकाशाच्या फोटोवर तिनं तिसऱ्यांदा ‘ढग’ लिहिलं होतं, हे मला नंतर कळलं.

आषाढ लागला आणि तिकडून पत्र आलं. शामला त्याची प्रत घेऊन आली, पोळपाटाशेजारी ठेवली आणि मराठीत सांगितली. त्यांनी लिहिलं होतं की आखाताच्या काठची खारफुटी मोठ्या प्रमाणात मेली आहे. त्या हंगामात आखातातलं पाणी काही महिने वीतभर खाली गेलं होतं, वर उन्हाचा कहर आणि पाऊस नाही. नेमकं कारण शोधायचं तर झाडं कुठल्या महिन्यात मेली ते कळायला हवं. ह्या सात शीटांवर तीन तिमाही ढग दाखवले आहेत. आमच्या नोंदीप्रमाणे तेव्हा ढग नव्हते. कृपया खुलासा करावा.

मी लाटणं ठेवलं. “वीतभर पाण्यानं?”

“परातीत वीतभर म्हणजे सगळंच, वहिनी.” तिचा आवाज अगदी सपाट होता. “आणि त्यांना पानगळ नसते. मी वाचलं आता. बाराही महिने पानांत असतात ती. राख दिसली त्याच दिवशी मेलेली होती.”

“मी सांगितलं गं तुला ते करधईचं. मीच सांगितलं. लिही तसं.”

“काय लिहू? शेजारच्या वहिनी म्हणाल्या?” एवढं बोलून तिला हसू आलं, आणि हसता हसता तिनं तोंड फिरवून नळ सोडला.

रविवारी सकाळी सौरव आला. हा तिच्या ऑफिसातला टीमचा प्रमुख, सव्वीस वर्षांचा, इथल्याच लष्कर भागातल्या मराठी घरातला. शामलाकडे एकच खुर्ची, म्हणून तिनं त्याला आमच्याकडे बसवलं. मी पोहे केले.

“काकू, तुम्हीच समजवा ना ताईंना,” पहिला घास घेण्याआधीच तो म्हणाला. “मी केव्हाचा बोलून राहिलो, लिहून टाकू की सॉफ्टवेअरने अपने आप ढग पकडला. बात खतम. ऐसा होता है. उनके यहाँ भी होता है.”

“सॉफ्टवेअरनं नव्हता पकडला,” शामला म्हणाली.

“ताई, किसको पता है?”

“मला.”

“तर मग तुम्ही कुणाला सांगू नका ना!” तो हसला, पण आम्ही कुणीच हसलो नाही, तेव्हा त्यानं बशी खाली ठेवली. “ताई, पूरे ऑफिस का नाम है. बावीस जण आहोत आपण. उद्या म्हणतील ग्वालियरवाले झूठ लिखते हैं.”

“ग्वाल्हेरवाले नाही. मी एकटी. शीटवर अक्षरं माझी आहेत.”

“आणि मग तुमचं ते आखात काढून घेतील. हे समजतंय ना तुम्हाला? बाकी काही नाही करणार ते. पण तुम्हाला पुन्हा तिकडे हात लावू देणार नाहीत.”

शामला बोटानं पोह्यातला एक शेंगदाणा बाजूला सारत राहिली. सौरव वाईट मुलगा नाही. तिला आखाताचं काय आहे ते त्याला माहीत होतं, आणि त्याला खरंच वाटत होतं की तो तिला वाचवतोय. निघताना दारात चप्पल घालत त्यानं मला हळूच सांगितलं, “काकू, त्यांना दुसरं आहे काय? सोचो ना.”

तो गेल्यावर मी देवापुढे निरांजन लावलं आणि तिला बोलावलं. मनात आलं ते बोलले, “शामला, तू कुणाचं वाईट चिंतून केलं नाहीस. देव माफ करतो अशा चुका. सौरव म्हणतो तसं लिही आणि मोकळी हो.”

तिनं हात जोडले, नमस्कार केला आणि म्हणाली, “देवाचं मला कळत नाही, वहिनी. तुम्ही म्हणता तर करत असेल. पण त्या लोकांना तारीख हवी आहे.”

मग तिथंच, देवघराच्या उंबऱ्याशी बसली. म्हणाली, “आईच्या वेळेला मी डॉक्टरांना सांगितलं होतं की ती काल रात्रीपर्यंत बोलत होती. ती तीन दिवस बोलली नव्हती. मला वाटलं, तीन दिवस म्हटलं तर म्हणतील आता काही उपयोग नाही.” हे तिनं मला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. मी निरांजनातली वात पुढे सारली.

सोमवारी तिनं पत्र लिहिलं. आठ ओळी. शीटांचे नंबर, तीन तिमाहींच्या तारखा, आणि पुढे एवढंच: ढग नव्हते, डिसेंबरच्या फोटोतच झाडं राखाडी होती, पानगळ समजून मी जुनी रेघ ठेवली, चूक माझी. खाली दोन अक्षरं नाही, पूर्ण नाव. पाठवण्याआधी सौरवकडे तिनं एक गोष्ट मागितली: ती सात शीटं दुरुस्त करायला एक दिवस. तीन तिमाहींच्या खऱ्या रेघा मीच काढीन, मग काय व्हायचं ते होऊ दे. सौरव म्हणाला, “ठीक है ताई. घ्या.”

दुसऱ्या दिवशी ती सकाळी आठलाच डबा घेऊन गेली. मी दिवसभर कामं केली, पण लक्ष तिसऱ्या मजल्यावर. एक बाई श्वास धरून मेलेल्या झाडांच्या कडेनं फिरतेय, तीनदा, एका मुखापासून दुसऱ्या मुखापर्यंत. संध्याकाळी ती आली तेव्हा डब्याला हात लागलेला नव्हता. मी चहा ठेवला.

“झाली सातही?”

“झाली.” कप दोन्ही हातांत धरून बसली. “एका जागी दोन बोटं लाल राहिलंय, वहिनी. मॅकआर्थरच्या मुखाच्या अलीकडे एक वळण आहे, तिथं. ते मी ठेवलं.”

मी तिच्याकडे पाहिलं. तिला माझ्या मनातलं कळलं.

“खरंच आहे. तीनदा मोठं करून पाहिलं. मग सौरवला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, लाल आहे.”

“मी कुठं काय म्हटलं?”

“तुम्ही नाही म्हटलं,” ती म्हणाली आणि चहा प्यायली.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. चार ओळींचं, सभ्य. स्पष्टपणे कळवल्याबद्दल आभार. दुरुस्त शीटं मिळाली. डिसेंबरची तारीख आता वापरता येईल. यापुढे आखाताच्या किनाऱ्याचं काम इथंच, ऑस्ट्रेलियात, करून घेण्यात येईल. ऑफिसची बाकीची कामं पूर्वीप्रमाणे चालू राहतील. शामलानं हे मला जिन्यातच सांगितलं, किल्ली हातात, पर्स खांद्यावर. मी म्हटलं, आत ये. ती म्हणाली, आज नको. पलीकडे दार लागलं. मी तुळशीपाशी बराच वेळ उभी होते, उगाच पानं खुडत.

त्या भाद्रपदात सर्वपित्रीला आमचे हे तर्पण करून पाट उचलत होते, तेव्हा ती दारात आली. “दादा, तर्पणात झाडांचं नाव घेता येतं का हो?”

ह्यांना आधी कळलं नाही. मग म्हणाले, “नाव कशाला घ्यायला पाहिजे? ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सगळ्यांना पाणी असतंच त्यात.”

“मग आलं,” ती म्हणाली. “तुम्ही आत्ता दिलंत ना, त्यातच आलं.” आणि ऑफिसला गेली. त्यानंतर तिच्या तोंडून वीत, कोस, परात हे शब्द माझ्या कानावर पुन्हा पडले नाहीत.

आता ह्याला बरीच वर्षं झाली. ती अजून त्याच ऑफिसात आहे. तिला कुठल्याशा थंड देशातल्या एका शहराचं काम दिलंय, घरांची छपरं काढायचं. एकेका शीटवर हजार-बाराशे छपरं. तिची रेघ तितकीच स्वच्छ आहे, सौरव भेटला की सांगतो. सौरवला आता दोन मुली आहेत.

माझ्याकडे ती येते, पण रोज नाही. परवा आली होती. मी भाकरी थापत होते. सवयीनं विचारलं, “काय म्हणतंय तुझं शहर?”

“काय म्हणणार?” ती म्हणाली. “छपरं आहेत. कालच्या जागेवरच असतात.”

मी भाकरी उलटली. ती फुगली, तिनं बघितलं, मी बघितलं. आणखी काहीतरी विचारावं म्हणून मी शब्द शोधत होते, पण थंड देशातल्या छपरांबद्दल काय विचारायचं असतं ते मला सुचेना. तिनं खाल्लं, ताटली विसळून पालथी घातली, ओटा पुसला. “येते वहिनी,” म्हणाली.

अजून साडेसातही वाजले नव्हते.